लोह : एका नांवाची कथा

गेल्या वर्षीं महाशिवरात्रीस आमच्या घरीं नेहमींप्रमाणें रुद्राचीं आवर्तनें चाललीं होतीं. नमक संपून चमकास प्रारंभ झाला. माझा आठवींतील नातू जवळच पाटावर बसून कान देऊन ऐकत होता. शाळेंत त्यास नुकतींच मूलद्रव्यांचीं नांवें पाठ करावयास सांगितलीं होतीं. त्यामुळें ओळखीचा शब्द कानीं पडतांच स्वारी सावध झाली. आरती आटोपल्यावर तो मजकडे येऊन म्हणाला, "आजोबा, गुरुजींनीं सोनें म्हटलें, शिसें म्हटलें, शेवटीं लोहही म्हटलें. मग त्याच्या अलीकडे 'श्याम' म्हणून जो आला, तो कोणता धातु?"

प्रश्न लहान होता, परंतु उत्तर लहान नव्हतें. शाळेंत मराठी व संस्कृत शिकविण्यांत माझीं तीस वर्षें गेलीं. चमक तर मुंजीपासून म्हणत आलों. पण त्या शब्दापाशीं मी कधीं थांबलों नव्हतों. लोह म्हणजे लोखंड, हें समीकरण इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं तेथें शंकेस जागाच उरत नाहीं. नातवास मीं दिलेलें उत्तर, आणि त्या उत्तराच्या मागोमाग आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरांत मला जें आढळलें तें, वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेखनप्रपंच.

चमकाच्या पांचव्या अनुवाकांत यजमान ज्या वस्तु मागतो त्यांत सहा धातु ओळीनें येतात : हिरण्य, अयस्, सीस, त्रपु, श्याम आणि लोह. हिरण्य म्हणजे सोनें, सीस म्हणजे शिसें, त्रपु म्हणजे कथील, यांविषयीं फारसा वाद नाहीं. उरलेल्या तिहींच्या अर्थाविषयीं मतभेद आहेत. तथापि बहुतेक आधुनिक विद्वान् 'श्याम' म्हणजे काळा धातु, अर्थात् लोखंड, आणि 'लोह' म्हणजे तांबडा धातु, अर्थात् तांबें, असाच अर्थ घेतात. त्यास आधारही भक्कम आहे. 'लोह' आणि 'लोहित' हे सख्खे भाऊ, आणि 'रोहित' हा त्यांचा चुलतभाऊ. कारण र आणि ल यांत भेद मानूं नये असा आपल्या वैयाकरणांचा संकेतच आहे. या साऱ्या कुळाचा अर्थ एकच, तांबडा.

अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत ओदनाचें, म्हणजे शिजलेल्या भाताचें, एक विलक्षण रूपक आहे. तेथें श्याम धातु हें त्या ओदनाचें मांस आणि लोहित धातु हें त्याचें रक्त, असें सांगितलें आहे. तसेंच छांदोग्योपनिषदाच्या सहाव्या अध्यायांत उद्दालक आरुणि आपल्या मुलास, श्वेतकेतूस, तीन दृष्टांत देतो : मातीचा गोळा, लोहमणि आणि नखें काढण्याची नराणी. आतां येथें लोह म्हणजे लोखंड असतें, तर दुसरा व तिसरा दृष्टांत एकाच धातूचा झाला असता. परंतु नराणी 'कार्ष्णायस', म्हणजे काळ्या धातूची, असें तेथें निराळें सांगितलें आहे. आणि लोहमणि म्हणजे सोन्याचा गोळा, असा अर्थ शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत केला आहे. तात्पर्य, त्या काळीं लोह हें काळ्या लोखंडाचें खास नांव नव्हतें.

मग तांबड्याचें नांव काळ्यानें कसें बळकावलें? याचें उत्तर भट्टींत आहे. तांबें वितळण्यास सुमारें १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. लोखंडास १५३८ अंश. त्यामुळें मनुष्याच्या हातीं तांबें आधीं आलें आणि लोखंड पुष्कळ मागाहून. आपल्याच महाराष्ट्रांत याची साक्ष मिळते. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशीं चार जड चित्रें सांपडलीं, तीं ताम्रयुगाचीं. उलट नागपूर जिल्ह्यांत नायकुंड येथें महापाषाणीय वस्तींत लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, ती सुमारें इसवी सनापूर्वी ७०० ची, म्हणजे त्यांहून कित्येक शतकें अलीकडची. प्रथम जो धातु ठाऊक, त्याचें नांव पुढें सर्वच धातूंस लागूं लागलें. आणि मग सर्व धातूंत जो अधिक कामाचा व अधिक स्वस्त ठरला, त्यानें तें नांव आपल्यापुरतें राखून घेतलें. अमरकोशांत हा संक्रमणकाळ स्पष्ट दिसतो. लोह, शस्त्रक, तीक्ष्ण, पिंड, कालायस, अयस्, अश्मसार अशीं लोखंडाचीं नांवें अमरसिंह सांगतो, त्याच्या मळास मंडूर म्हणतो, आणि लगेच पुढें सर्व धातूंनाच लोह म्हणतात असेंही बजावतो. आपण आजही 'पंचलोह' म्हणतों, तेव्हां तोच जुना व्यापक अर्थ बोलत असतों.

नांवांची ही अदलाबदल केवळ आपल्याकडेच झाली असें नाहीं. आपला 'अयस्' आणि लॅटिन भाषेंतील 'एस' हे एकाच मूळचे शब्द. परंतु तेथें त्याचा अर्थ तांबें व कांसें असा राहिला, आणि लोखंडास 'फेरम्' हें दुसरें नांव मिळालें. त्या फेरम् शब्दाचींच पहिलीं दोन अक्षरें आज रसायनशास्त्रांत लोखंडाची खूण म्हणून सर्व जगांत चालतात. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्याचा क्रमांक २६.

आतां आपल्या मराठीकडे वळूं. 'लोखंड' हा शब्द 'लोहखंड' याचा अपभ्रंश होय. जुन्या भट्ट्यांतून लोखंड वितळून पाण्यासारखें वाहत नसे. त्याचा सच्छिद्र गोळा निघे, आणि तो तापवून घणानें ठोकून शुद्ध करावा लागे. त्या गोळ्याची आठवण आपल्या 'खंड' या पदांत आजपावेतों टिकून राहिली आहे. परंतु आपल्या कारागिरांनीं एकाच नांवावर भागविलें नाहीं. ओतीव लोखंडास त्यांनीं 'बीड' म्हटलें. त्यांत शेंकडा दोनांहून अधिक, बहुधा तीन-चार भाग कोळशाचें तत्त्व, म्हणजे कार्बन असतो. तें सांच्यांत उत्तम ओततां येतें, पण घणाचा घाव बसला कीं फुटतें. ज्यांत कार्बन अगदींच थोडा, तें घडीव लोखंड. पळी, उलथनें, बैलगाडीची धांव हीं त्याचीं. आणि या दोहोंच्या मधलें, धार धरणारें, तें 'तिखें' म्हणजे पोलाद. पोलाद हा शब्द फारसींतून आला. तिखें हा मात्र अमरकोशांतल्या 'तीक्ष्ण' शब्दाचा आपल्या घरचा वंशज. धातु एकच, मिठाच्या चिमटीएवढ्या फरकानें त्याचे गुण बदलतात, आणि गुणांबरोबर नांव.

बिडाचें नांव निघालें म्हणजे आम्हां कुंडलकरांस किर्लोस्करवाडीची आठवण होणें अपरिहार्य आहे. आमच्या गांवापासून थोड्याच अंतरावर रेल्वेचें स्टेशन आहे. त्यास पूर्वीं 'कुंडल रोड' म्हणत. तेथल्या ओसाड माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं, औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांच्या आश्रयानें, आपला कारखाना बेळगांवाहून आणून वसविला. त्यांचा लोखंडी नांगर पुढें घरोघर गेला. पण आरंभीं तो कोणी घेईना. लोखंडानें जमीन नासते, तिला विष बाधतें, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. या समजुतीस आज आपण हंसतों. परंतु हंसण्यापूर्वीं वाचकांनीं थोडें थांबावें अशी माझी विनंती आहे. कारण लोखंडाविषयींच्या समजुती केवळ शेतांतच होत्या आणि घरांत नव्हत्या असें नाहीं.

भाषेंत पाहिलें तर लोखंडाचा केवढा दरारा! कठीण काम म्हणजे लोखंडाचे चणे. करारी पुरुष तो लोहपुरुष. आगगाडीचा रस्ता तो लोहमार्ग. लोखंडास ओढून घेणाऱ्या दगडास संस्कृतांत 'अयस्कान्त' म्हणजे लोखंडाचा प्रियकर असें गोड नांव आहे. परीस लागून ज्याचें सोनें व्हावयाचें तेंही लोखंडच. पण हाच धातु घराच्या उंबऱ्याशीं आला कीं त्याची प्रतिष्ठा उतरते. तो शनीचा, म्हणून शनिवारीं विकत आणूं नये. तो काळा, म्हणून देवाच्या उपकरणीस चालत नाहीं, तेथें तांबें हवें. एका ठिकाणीं मात्र त्यास मान आहे. बाळंतिणीच्या उशाखालीं विळी, सुरी अथवा अडकित्ता ठेवण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. लोखंड जवळ असलें कीं बाधा होत नाहीं, असा तिचा आशय. या चालीकडे मी मागाहून येणार आहें.

तत्पूर्वीं लोखंडाच्या रंगाविषयीं दोन शब्द. लोखंड काळें खरें, पण तें उघड्या हवेंत व ओलींत पडलें कीं त्याचा गंज होतो, आणि गंज तांबडा असतो. आपण तुळशीवृंदावनास जो गेरू लावतों तोही लोखंडाचा व प्राणवायूचा संयोगच होय. कोंकणांतील जांभ्या दगडाची लाली लोखंडाची. ज्या तांबूस खनिजापासून लोखंड काढतात त्यास पाश्चात्त्य भाषांत 'हेमॅटाइट' म्हणतात. ग्रीक भाषेंत 'हैमा' म्हणजे रक्त, त्यावरून हें नांव. आणि खुद्द आपल्या रक्ताची लाली तरी कोणाची? अठराव्या शतकाच्या मध्यास इटलींतील बोलोन्या येथें मेंघिनी नांवाच्या वैद्यानें रक्त जाळून त्याची राख केली आणि तींत लोहचुंबक फिरविला. राखेचे कण चुंबकास चिकटले. आज आपणांस ठाऊक आहे कीं प्रौढ मनुष्याच्या सर्व शरीरांत मिळून अवघें तीन-चार ग्रॅम लोखंड असतें, आणि त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश रक्तांतील हीमोग्लोबिन या द्रव्यांत असतें. फुप्फुसांतून प्राणवायु उचलून तो सर्व गात्रांस पोंचविण्याचें काम तें करतें. म्हणजे ज्याचें नांवच मुळीं 'तांबडा', तें त्या काळ्या धातूस शेवटीं शोभलें म्हणावयाचें!

येथें एक इशारा देणें मी माझें कर्तव्य समजतों. अथर्ववेदांत धातु आणि रक्त यांची जोडी आढळते, यावरून आपल्या पूर्वजांस हीमोग्लोबिन ठाऊक होतें असें कोणीं अनुमान काढूं नये. तेथें रक्ताशीं जोडलेला धातु तांबें आहे, आणि जोडणारा धागा रंगाचा आहे, रसायनाचा नव्हे. पूर्वजांचा खरा गौरव निराळ्या ठिकाणीं आहे. पांडुरोगावर, म्हणजे अंग पांढुरकें पडून धाप लागते त्या रोगावर, त्यांनीं निरीक्षणानें लोखंडाचींच औषधें योजिलीं. चरकसंहितेंतील 'नवायस' चूर्णांत नऊ वनस्पति आणि तितक्याच भागांनीं लोहचूर्ण घालावयास सांगितलें आहे; मंडूराचाही उपयोग त्याच रोगावर. कारण ठाऊक नसतांही गुण अचूक हेरला, हें कांहीं थोडें नव्हे.

आतां घरची गोष्ट सांगतों. सांगण्यास संकोच वाटतो, परंतु ती न सांगतां वरील सर्व पांडित्य फुकट आहे.

नातवास मीं हें उत्तर मोठ्या उत्साहानें दिलें, त्यानंतर पंधरा दिवसांच्या आंतच आमची धाकटी सूनबाई ओट्यापाशीं घेरी येऊन खालीं बसली. तिला तिसरा महिना होता. तपासणींत हीमोग्लोबिन आठाच्या थोडें वर निघालें. गर्भवतीस तें निदान अकरा असावें असें मानतात. डॉक्टरीणबाईंनीं गोळ्या लिहून दिल्या, आणि मग मजकडे वळून दोनच प्रश्न केले. "घरांत लोखंडी कढई आहे का?" आणि "जेवायला शेवटीं कोण बसतं?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, होती. माझ्या आजीच्या वेळची जाड बुडाची कढई, एक बिडाचा तवा आणि दोन पळ्या होत्या. पांच वर्षांपूर्वीं स्वयंपाकघर नवें केलें, तेव्हां तें काळें सामान शोभत नाहीं म्हणून मोडीत घातलें. वजन करून घेणाऱ्याशीं भावाची घासाघीस मींच केली होती. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास मला शब्द सुचेना. आमच्याकडे आधीं मुलें, मग पुरुष, मग आई, मग सौभाग्यवती, आणि सर्वांचें वाढून झाल्यावर सुना. पालेभाजी तोंवर पातेल्याच्या तळाशीं जाते. उसळीचा रस्सा उरतो, दाणे उरत नाहींत. हें मी चाळीस वर्षें दररोज पाहत होतों, आणि तरीही पाहिलें नव्हतें. लोह शब्दाची व्युत्पत्ति वेदांत शोधणाऱ्या मला, घरांतील बाईच्या ओठांची लाली कधीं उडाली हें दिसलें नाहीं.

हें दुखणें आमच्या एकट्याच्या घरचें असतें तर मी येथें लिहिलें नसतें. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, पंधरा ते एकूणपन्नास वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकीं ५७ जणींच्या अंगीं रक्त कमी आढळलें. यांत सगळाच दोष लोखंडाच्या अभावाचा नाहीं; पण मोठा वांटा त्याचा आहे. मासिक धर्म, गर्भारपण व बाळंतपण यांत स्त्रीचें लोखंड पुरुषाहून अधिक खर्च होतें, आणि ताटांत मात्र तिच्या वांट्यास कमी येतें. त्यांतून आपलें शाकाहारी अन्न. वनस्पतींतील लोखंड शरीर सहजासहजीं शोषून घेत नाहीं. म्हणून पालेभाजी, बाजरी, तीळ, हळीव, मटकी यांच्याबरोबर लिंबू, आंवळा अथवा कोशिंबीर असावी. आंबटांतील क जीवनसत्त्व लोखंड अंगीं लावतें. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा तें अडवितो. दुपारच्या पंगतीनंतर चहाचा कप हातीं घेणाऱ्या माझ्यासारख्यांनीं निदान तासभर धीर धरावा.

कढईचा प्रश्नही पोकळ नाहीं. लोखंडी भांड्यांत अन्न शिजवितांना, विशेषतः चिंच, ताक, टोमॅटो असें आंबट असलें म्हणजे, थोडें लोखंड अन्नांत उतरतें. इथिओपियांतील मुलांवर केलेली एक तुलना १९९९ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली. ॲल्युमिनियमच्या भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षां लोखंडी भांड्यांतील अन्न खाणाऱ्या मुलांचें हीमोग्लोबिन अधिक वाढलेलें दिसलें. कढई वापरतांना शिजलेला पदार्थ तींत तसाच ठेवूं नये, लगेच दुसऱ्या भांड्यांत काढावा; आणि घासून कोरडी करून तेलाचा हात फिरवावा, म्हणजे गंज धरत नाहीं. मात्र कढई म्हणजे औषध नव्हे. रक्त फार उतरलें असेल तर गोळ्याच घेतल्या पाहिजेत. आणि थॅलॅसेमियासारख्या कांहीं विकारांत अधिक लोखंड अपाय करतें, म्हणून तपासणीवांचून गोळ्या अथवा भस्में आपल्या मनानें घेऊं नयेत.

असो. दुसऱ्याच दिवशीं मी बाजारांतून नवी कढई घेऊन आलों. दारांत आईनें अडविलें. तिचें वय नव्वदीच्या घरांत. पण पंचांग तिच्या मुखांत. म्हणाली, "अरे, आज शनिवार. लोखंड घरांत आणतोस?" मी मुकाट्यानें कढई शेजारीं ठेवावयास निघालों, तोंच सौभाग्यवती बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आई, मागच्या शनिवारीं स्टीलचं पातेलं आणलं, तेव्हां कुणी कांहीं म्हणालं नाहीं. तेंही लोखंडच ना?" गोष्ट खरी होती. आपण ज्यास नुसतें 'स्टील' म्हणतों तें म्हणजे क्रोमियम मिसळलेलें, गंज न धरणारें लोखंडच. परंतु नांव बदललें, चकाकी आली, आणि शनिमहाराजांस तें ओळखूं आलें नाहीं. आई क्षणभर विचार करून म्हणाली, "तरी पण आजची रात्र शेजारीं राहूं दे. उद्यां सकाळीं आण." आणि थोड्या वेळानें आपण होऊनच पुढें म्हणाली, "आणि उद्यांपासून पोरींची पानं आपल्याबरोबरच मांडा. गरम असतांना जेवूं द्या त्यांना."

कढई रविवारीं घरांत आली. पंगतीची रीत त्याच दिवशीं बदलली. पहिले चार दिवस सर्वांस अवघडल्यासारखें झालें, पांचव्या दिवशीं कोणाच्या लक्षांतही राहिलें नाहीं. गोळ्या चालूच होत्या. श्रावणापर्यंत हीमोग्लोबिन अकराच्या वर गेलें, आणि भाद्रपदांत सूनबाई सुखरूप बाळंत झाली. आईनें आपल्या रिवाजाप्रमाणें अडकित्ता तिच्या उशाखालीं सरकविला, आणि त्याच वेळीं सौभाग्यवतींनीं नव्या कढईंतील गरम भाजीची वाटी तिच्या हातीं दिली. नातू जवळच उभा होता. मजकडे पाहून तो म्हणाला, "आजोबा, आतां दोन्हीं जागीं लोखंड आहे."